उलटरावांचा शनिवारचा अंदाज

गावात एक माणूस असा होता की त्यानं तुम्ही जिंकणार असं छापलं तर तुमच्या घरात चूल पेटत नसे. तो वार्ताहर होता. पेपरात बातमीखाली त्याचं नाव नीट छापून यायचं, पण गावानं ठेवलेलं नाव छापील नावापेक्षा पक्कं असतं. सगळे त्यांना उलटराव म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि तेही ओ देत.

पेपर चार पानांचा. पहिलं पान जगाचं, शेवटचं जाहिरातींचं, तिसरं निधनवार्ता आणि निविदांचं. दुसरं पान उलटरावांचं. नगरपालिकेत कोण कुणावर धावून गेलं, कुठली जलवाहिनी फुटली, रविवारी फुटबॉलच्या मैदानावर काय झालं, हे सगळं त्या एका पानात कोंबायचं. शनिवारी त्याच पानावर खाली चौकटीत त्यांचा 'अंदाज' यायचा. उद्याचा सामना कोण जिंकेल, सोमवारच्या सभेत ठराव मंजूर होईल की बारगळेल, पुलाचं काम वेळेत उरकेल का. आणि तो अंदाज चुकायचा.

कधीमधी चुकला असता तर कुणी लक्ष दिलं नसतं. अंदाज सगळ्यांचेच चुकतात. पण हा गडी नेमानं चुकायचा, आणि नेमानं चुकणारा माणूस फार उपयोगाचा असतो. गावाच्या हे लवकरच ध्यानात आलं. रविवारी पाऊस नक्की, असं त्यांनी लिहिलं की बायका रजया धुवायला काढत. बाजार समितीच्या निवडणुकीत एका उमेदवाराचं पारडं जड आहे असं छापलं, तर तो सकाळीच प्रेसमध्ये हजर. 'माझं काय वाकडं केलंय मी तुमचं,' म्हणून रडकुंडीला आला होता बिचारा. आणि पडलाही. क्लबचा गोलकीपर तर दर शुक्रवारी न चुकता त्यांच्या टेबलापाशी यायचा आणि हात जोडून म्हणायचा, 'काका, उद्याच्या अंकात आम्हाला हरवा.'

मालक खुश होते. तेच संपादकही होते. शनिवारचा अंक जास्त खपायचा आणि तो कशामुळे खपतो हे त्यांना ठाऊक होतं. 'चालू दे,' एवढंच ते म्हणायचे.

उलटराव हसून घेत. पण आत कुठेतरी लागायचं, आणि का लागू नये? ते काही उचलली जीभ लावली टाळ्याला करणारे नव्हते. दोन्ही संघांचा सराव बघायचे, बॅकच्या गुडघ्याला पट्टी कधीपासून आहे ते विचारायचे, सभेआधी एकेका नगरसेवकाकडे जाऊन बसायचे. एवढं करून जे वाटायचं ते प्रामाणिकपणे लिहायचे, आणि सोमवारी तोंडावर आपटायचे. त्यांना आयुष्यात फार काही नको होतं. एकदा बरोबर यायचं होतं. आपण बरोबर आलो हे गावानं एकदा कबूल करायला हवं होतं.

त्यांची बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कपडे, आणि दिवसभर मापं द्यायला येणाऱ्या बायकांच्या गप्पा. एका रविवारी क्लब पुन्हा एकदा अंदाजाच्या नाकावर टिच्चून जिंकला. उलटराव तोंड पाडून घरी आले, तेव्हा तिनं दोरा दातानं तोडता तोडता सांगून टाकलं.

"तुम्ही चुकता का, सांगू? तुमच्याशी जो घटकाभर बसून बोलतो, तोच जिंकणार असं तुम्हाला वाटतं. पण ज्याला तुमच्याशी बोलायला एवढा वेळ आहे, त्याच्याकडे दुसरं कोण जातंय?"

उलटराव म्हणाले, तुझं आपलं काहीतरीच. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

आता दादाचं सांगायला हवं. दादा म्हणजे उलटरावांचा थोरला भाऊ. बाजाराच्या तोंडाशी त्याचं रंगांचं दुकान होतं. तरुणपणी तो क्लबकडून डाव्या बाजूनं खेळायचा आणि काय पळायचा! तेव्हा धाकटा भाऊ गोलच्या जाळीमागे बसून प्रत्येक पास कुणी कुणाला दिला ते घरी आल्यावर बिनचूक सांगायचा. पुढे धाकट्याला कुठे नोकरी मिळेना, तेव्हा दादानंच त्याला मालकांपुढे नेऊन उभा केला होता. 'ह्याला दुसरं काही जमत नाही,' दादा म्हणाला होता, 'पण हा बघतो नीट.' त्या एका शिफारशीवर उलटराव दुसऱ्या पानावर चिकटले ते चिकटलेच.

तर नगरपालिकेची निवडणूक लागली आणि दादा उभा राहिला. कारण मैदान. निम्म्या मैदानावर गाड्या लावायची सोय करायची असा बेत पालिकेत शिजत होता आणि दादाचं पित्त खवळलं होतं. मैदानालगतच्या वॉर्डातून तो उभा राहिला. समोर होत्या निवृत्त नर्सबाई. त्यांनी मैदानाबद्दल बरं-वाईट काहीच म्हटलं नव्हतं. त्या म्हणत होत्या गटारांबद्दल. बाकी दोन उमेदवार होते, ते उभं राहायची हौस म्हणून.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात दादा भावाच्या घरी आला. आधी भावजयीच्या मशीनची चौकशी केली, मग भिंतीचा रंग उडालाय, डबा पाठवून देतो म्हणाला, मग हवा कशी उकडतेय यावर बोलला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला हा प्रकार उलटरावांनी पहिल्या मिनिटाला ओळखला, पण दादा थोरला, त्यामुळे गप्प बसले. शेवटी दादानं भांडं पुढे केलं.

"शनिवारी आमच्या वॉर्डाबद्दल लिहिशील ना? मग लिही, मी पडणार म्हणून."

उलटरावांना ते लागलं. गोलकीपरनं म्हणावं, बाजार समितीवाल्यानं म्हणावं. ते जग होतं. दादासुद्धा?

"दादा, मी आजवर मला वाटलं तेच लिहिलंय. खोटं नाही लिहिणार."

"अरे, खोटं कशाला?" दादा मोकळेपणानं हसला. "तू लिहितोस ते खोटंच ठरतं. म्हणजे लबाडी कुठे झाली त्यात?"

दादा हे चिडवायला म्हणाला नव्हता, हीच तर पंचाईत होती. उलटराव म्हणाले, बघतो. दादानं त्याचा अर्थ हो असा घेतला, भावाच्या पाठीवर थाप मारली आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून उलटरावांनी वॉर्ड पिंजून काढला. या वेळी मात्र बायकोचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांनी उमेदवारांना प्रश्न विचारले नाहीत, नुसती त्यांची दारं बघितली.

दादाच्या दुकानात माणसांची रीघ होती. रंगाच्या डब्यांमध्ये खुर्च्या मांडलेल्या, चहाची किटली सारखी आत-बाहेर, आणि जो तो दादाला सांगतोय की सीट निघाली म्हणून समजा. उलटराव कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एकेक चेहरा बघू लागले. गोलकीपर बसला होता, तो नदीपलीकडे राहायचा. क्लबचा खजिनदार स्टेशनजवळचा. दोघे बॅक एकाच घरातले, पण घर बसस्टँडमागे. पेंटर लोक तर गावभरचे. सगळी माणसं दादावर जीव टाकणारी, यात शंका नाही. पण त्यांतल्या जवळजवळ कुणाचंच मत त्या वॉर्डात नव्हतं. दादाला हे सुचलंच नव्हतं. मैदानावर जो येतो तो आपला, एवढंच त्याला आयुष्यभर माहीत होतं. तो कुठल्या वॉर्डात झोपायला जातो याची चौकशी तिथे कोण करतं?

नर्सबाईंच्या दारात खुर्च्या नव्हत्या. चपला होत्या. पायऱ्यांवर जागा पुरेना म्हणून त्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या, बाळंतिणींच्या, शाळकरी पोरांच्या. सगळ्या याच गल्ल्यांतल्या, कारण ताप आलेलं पोर घेऊन कुणी गावाच्या दुसऱ्या टोकाहून येत नाही. उलटराव आत डोकावले तर बाई कुणाच्या तरी दंडावर कापूस घासत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "पेपरवाले ना? उद्या या, आज वेळ नाही." दुसऱ्या दिवशी गेले तर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी उलटरावांनी जायचं सोडून दिलं. त्यांना उत्तर मिळालं होतं.

शुक्रवारी ते टेबलाशी बसले आणि कळलं की आपली गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली आहे. मनापासून वाटतंय ते लिहावं, तर ते नेमकं दादानं मागितलेलं होतं. दादाचं मागणं मोडावं म्हणून तो जिंकेल असं लिहावं, तर ते खोटं. त्या वॉर्डाबद्दल काही लिहिलंच नाही, तर गावच विचारणार की भावाच्या वेळी लेखणी का वाळली. प्रेसचा पंखा खडखडत होता आणि मालक दोनदा येऊन कागद मागून गेले. शेवटी उलटरावांनी लिहिलं. नर्सबाई निवडून येतील. त्यांच्या दारातली माणसं वॉर्डातली आहेत, रंगांच्या दुकानात जमणारी नाहीत. आयुष्यात त्यांनी याहून खरं काही लिहिलं नव्हतं आणि लिहिताना एवढं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अंक बाहेर पडला आणि दादाच्या दुकानात हार आले. मतदान व्हायच्या आत हार! खजिनदारानं गोड वाटलं. भाऊ असावा तर असा, म्हणत लोक रस्त्यात उलटरावांचा हात हातात घेऊन दाबू लागले. नर्सबाईंचा मुलगा तणतणत प्रेसवर आला, भावासाठी आमच्या आईचा बळी देता का म्हणाला, आणि मालकांनी त्याला पाणी देऊन कसाबसा परत पाठवला. खुद्द नर्सबाई काही बोलल्या नाहीत. मात्र त्या दिवसापासून इंजेक्शनं आटोपली की त्या स्वतः घरोघर फिरू लागल्या, असं उलटरावांच्या बायकोला मापं द्यायला आलेल्या एकीनं सांगितलं.

आणि दादा? दादानं फिरायचंच सोडलं. दुकानात बसून अभिनंदन स्वीकारू लागला.

हे ऐकल्यावर उलटरावांना राहवेना. ते उठले आणि तडक दुकानात गेले. दुकान भरलेलं होतं. त्यांनी दादाला बाजूला बोलावलं, तो येईना, तेव्हा सगळ्यांसमोरच सांगितलं.

"दादा, मी लिहिलंय ते खरं आहे. मी बघून लिहिलंय. अजून दोन दिवस आहेत, घरोघर जा."

दादानं त्यांच्याकडे पाहिलं. मग बसलेल्या मंडळींकडे पाहिलं. आणि भावाला डोळा मारून मोठ्यानं म्हणाला, "हो रे बाबा, पडणार आहे मी! ऐकलंत ना सगळ्यांनी?"

दुकान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. गोलकीपर म्हणाला, काका नाटकही झकास करतात. उलटरावांनी आणखी एकदा तोंड उघडलं, पण त्यांच्या पुढ्यात चहाचा कप आला आणि कुणीतरी स्टूल सरकवलं. ते न बसता निघून आले. पालथ्या घड्यावर पाणी ओतून माणूस थकतो, तसे ते थकले होते.

मतमोजणी शाळेच्या सभागृहात झाली. उलटराव नेहमीप्रमाणे पत्रकारांच्या बाकावर बसले. बाक लांब होता आणि त्यावर बसणारे ते एकटेच. पहिल्या पेटीपासून नर्सबाई पुढे होत्या आणि शेवटपर्यंत पुढेच राहिल्या. आकडे फळ्यावर लिहिले जात होते. दादा खिडकीपाशी उभा होता. सकाळी त्याच्याभोवती घोळका होता, दुपारी दोघे-तिघे उरले, आणि निकाल जाहीर झाला तेव्हा एकटा गोलकीपर. दादा नर्सबाईंपाशी गेला, अभिनंदन म्हणाला, आणि मान खाली न घालता बाहेर पडला. तेवढं त्याचं मैदानातलं वळण होतं.

उलटरावांना भावासाठी फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोला, त्याच वेळी छातीत काहीतरी उडी मारून वर आलं. बरोबर आलो! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर आलो, आणि तुक्क्यानं नाही, बघून, विचार करून, कारण देऊन. मग त्या आनंदाची त्यांना लाज वाटली. तरी तो जाईना.

प्रेसवर मालक दारातच उभे होते. "अहो, आलात की बरोबर!" ते म्हणाले. त्यांनी चौकटसुद्धा जुळवून ठेवली होती. 'आमच्या वार्ताहराचा अंदाज खरा ठरला,' ठळक अक्षरात, पहिल्या पानावर. उलटराव आजवर पहिल्या पानावर कधी आले नव्हते. त्यांनी ती चौकट दोनदा वाचली, एक काना मोठ्या प्रेमानं तपासला आणि म्हणाले, जरा दादाकडे जाऊन येतो, मग छापायला घ्या.

दार वहिनीनं उघडलं. ती आतल्या खोलीकडे बघून बाजूला झाली. दादा पलंगाच्या कडेला बसला होता, अजून बूट पायातच. शनिवारचा हार खुंटीला लटकत होता. तो काढायचं कुणाला सुचलं नसावं. उलटराव खुर्ची ओढून बसले. 

"सीटचं जाऊ दे," दादा म्हणाला. "एक विचारतो. तू त्या दिवशी दुकानात येऊन म्हणालास, खरं आहे म्हणून. ते खरंच होतं? तुला आधीपासून वाटत होतं, मी पडणार?"

एवढा मोठा माणूस, खांद्यानं दार अडवणारा, पण असा बघत होता की आता फक्त या एका उत्तराची ठेच लागायची राहिली होती. परक्यांनी मत दिलं नाही ते त्यानं गिळलं होतं. भावानंही मनातून पाडलं होतं की काय, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

खरं उत्तर उलटरावांच्या ओठांवर होतं. हो दादा, वाटत होतं. तूच म्हणाला होतास ना, हा बघतो नीट, म्हणून? मी नीट बघितलं. हे सांगावं आणि एकदाचं कुणीतरी म्हणावं, शाबास, असं त्यांना आतून फार वाटलं. पण त्यांनी तसं केलं नाही.

"छे," ते म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून लिहिलं. दुकानात नाटक केलं, लोकांना संशय नको म्हणून. मला वाटलं होतं, तू आरामात निघशील."

दादानं मोठा श्वास सोडला. "तरी मी म्हणत होतो," तो बायकोकडे वळून म्हणाला, "हा कसा माझ्याविरुद्ध जाईल." मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. वहिनीनं चहा टाकला. चहा पिताना दादा एवढंही म्हणाला की तुझा बिचाऱ्याचा दोष नाही, माझंच नशीब.

उलटराव प्रेसवर परतले आणि त्यांनी मालकांना चौकट काढायला सांगितली. मालकांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलं. अहो, वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते दारात आलंय आणि तुम्ही कडी लावताय? उलटराव म्हणाले, तो अंदाज माझा नव्हताच, भावाच्या सांगण्यावरून लिहिला होता, त्याचं श्रेय घेणं बरं नाही. मालकांनी मग त्या जागी टायरची जाहिरात लावली. दुसऱ्या पानावर निकाल साधाच छापला: कुणाला किती मतं, कोण विजयी. खाली पालिकेचं पुढचं काम: मैदानाचा प्रश्न समितीकडे. तो अजूनही समितीकडेच आहे आणि पोरं अजून पूर्ण मैदानावर खेळतात.

घरी बायकोला त्यांनी काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तिला कोणी ना कोणी माप देताना सगळं सांगतंच. जेवताना तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ताटात न मागता आणखी वाढलं.

दादानं मात्र गावभर सांगितलं. लहान भावानं माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं, हे तो अभिमानानं सांगत सुटला. आठवड्याच्या आत ते चहाच्या टपरीवर पोचलं. उलटराव सकाळी तिथे टेकले तर गोलकीपर, खजिनदार, दोघे बॅक, सगळे वाटच बघत होते.

"कमाल आहे तुमची, उलटराव," टपरीवाला किटली तिरपी करत म्हणाला. "जन्मात एकदा खोटं लिहायला गेलात, आणि तेच नेमकं खरं झालं?"

टपरी खदाखदा हसली. उलटरावही हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी रुमालानं पुसलं. मग गोलकीपरनं नेहमीसारखे हात जोडले, रविवारी आम्हाला हरवा म्हणाला, आणि उलटराव म्हणाले, बघतो.